खेळाडूची खरी जागा पक त्याच्याकडे नसताना कळते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आइस हॉकीच्या मॅनेजर गेममध्ये तुमचा पहिलाच हंगाम आहे. संघात खरे सेंटर (मधले फॉरवर्ड) तीनच आणि विंगर (बाजूचे फॉरवर्ड) दहा. चौथ्या सेंटरची जागा भरायला तुम्ही एका डाव्या विंगरला मधे आणलंत, आणि एकूण गुणांत तो बाकीच्या सेंटरनाही भारी पडतो म्हणून थेट दुसऱ्या लाईनवर, म्हणजे एक सेंटर आणि दोन विंगर यांच्या दुसऱ्या तिकडीत, बसवलंत. सहा बचावपटूंपैकी पाच डाव्या शॉटचे (स्टिकचं पातं डाव्या बाजूला धरणारे) आहेत, त्यामुळे दोघांना नाइलाजाने उजवीकडे खेळवता. कागदावर संघ वरच्या चारांत बसतो, बर्फावर मात्र दर सामन्याला चार-चार गोल खातो. तुम्ही विचारलंय की या खेळाडूंना नव्या जागांचं प्रशिक्षण द्यावं की त्यांना विकून दुसरे आणावेत.

सध्या दोन्हींची घाई नको. आधी त्या विंगरला दुसऱ्या लाईनच्या सेंटरवरून काढा आणि त्याच्या नेहमीच्या डाव्या बाजूला परत न्या. तिसऱ्या लाईनचा सेंटर कमी गुणांचा असला तरी त्याला दुसऱ्या लाईनवर घ्या. मग बाजारात एक साधा, स्वस्त, वयाने थोडा मोठा पण आयुष्यभर सेंटर खेळलेला माणूस शोधा. गोल करणारा नसला तरी चालेल. एवढ्या एका बदलाने तुमचे खाल्लेले गोल कमी होतील, हे मी अनेक हंगामांच्या अनुभवावरून खात्रीने सांगतो. बचावपटूंचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

आता कारण. नवीन मॅनेजर खेळाडूची जागा ठरवताना तो पक (खेळातली रबरी चकती) घेऊन काय करतो हे बघतो: शॉट कसा आहे, पास कसा आहे, चकवतो किती. पण साठ मिनिटांच्या सामन्यात सर्वांत चांगल्या फॉरवर्डलाही बर्फावर मिळतात अठरा-वीस मिनिटं, आणि त्यातही पक प्रत्यक्ष त्याच्या स्टिकवर असतो तो फार थोडा वेळ. उरलेला सगळा वेळ तो कुठे तरी उभा असतो, कुणाला तरी धरून असतो, कुठली तरी वाट अडवत असतो. गेमचं इंजिन नेमकं याच वेळेचा हिशेब ‘जागेची सवय’ म्हणून ठेवतं. एकूण गुणांच्या आकड्यात ही सवय नीट दिसत नाही, म्हणून तो आकडा बघून जागा भरल्या की फसगत होते.

आपल्या बाजूच्या भागात, म्हणजे आपल्या निळ्या रेषेच्या आत, पाच जण साधारण असे वागतात. कोपऱ्यात पक गेला की एक बचावपटू त्याच्या मागे जातो. दुसरा गोलसमोर थांबतो. सेंटर खाली उतरून या दोघांना तिसरा हात देतो: कधी कोपऱ्यात मदतीला, कधी गोलसमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे स्लॉटमध्ये, कुणी शिरतंय का ते बघायला. दोन्ही विंगर वर राहतात, निळ्या रेषेवर उभ्या असलेल्या विरोधी बचावपटूंवर लक्ष ठेवतात आणि पक सुटून बोर्डाकडे (मैदानाभोवतीच्या भिंतीकडे) आला की तो उचलून बाहेर काढतात. म्हणजे सेंटर हा बचावातला तिसरा माणूस आहे. त्याची धाव या गोलरेषेपासून त्या गोलरेषेपर्यंत असते. विंगरचं काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याला कमी दिशांना बघावं लागतं आणि त्याचा निर्णय चुकला तर सावरायला मागे कुणी तरी असतं. सेंटर चुकला की मागे फक्त गोलरक्षक उरतो.

म्हणूनच सेंटर विंगवर गेला तर बहुतेक वेळा जमून जातं. त्याचं काम कमी झालेलं असतं. विंगर सेंटरवर आला तर काम वाढतं, आणि तेही नेमकं तिथे, जिथे चूक महागात पडते.

गेममधल्या माझ्या एका सेव्हमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या डावात, मी हीच चूक केली होती. माझा उजवा विंगर संघातला सर्वांत जास्त गोल करणारा होता, मी त्याला मधे आणलं आणि सलग पाच सामने हरलो. मग आकडे बाजूला ठेवले आणि खाल्लेले गोल एकेक करून सामन्याच्या चित्रात संथ गतीने पाहिले. तिसऱ्या सामन्यातला एक गोल अजून डोळ्यांसमोर आहे. पक आमच्या गोलामागे गेला. डावा बचावपटू त्याच्यामागे गेला, उजवा जवळच्या खांबाला चिकटला. विरोधी खेळाडूने गोलामागून पक समोर ढकलला तेव्हा स्लॉटमध्ये त्यांचा माणूस एकटा होता. आमचा नवा सेंटर त्या वेळी कुठे होता? फेसऑफच्या (दोघांमधे पक टाकून खेळ सुरू करण्याच्या) वर्तुळाच्याही वर, बोर्डाकडे तोंड करून. ब्रेकआउटचा, म्हणजे आपल्या भागातून पक बाहेर काढणारा, पास येईल म्हणून तो तिथे थांबला होता. विंगर म्हणून ती जागा अगदी बरोबर होती. पुढच्या दोन सामन्यांत हाच गोल दोनदा पाहिला, फक्त पक सोडणारे हात बदलले होते. त्या दिवसापासून मी जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारतो की पक आपल्या गोलामागे असताना हा माणूस कुठे असेल. तुम्हीही तुमच्या त्या विंगरचे तीन-चार सामने या नजरेने बघा.

खऱ्या हॉकीतही जागेच्या नावाला एका मर्यादेपलीकडे अर्थ नसतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये २०१२-१३ च्या हंगामात वॉशिंग्टन संघाचे नवे प्रशिक्षक अ‍ॅडम ओट्स यांनी अलेक्झांडर ओवेच्किनला डावीकडून उजव्या विंगवर नेलं. टाळेबंदीमुळे तो हंगाम ४८ सामन्यांचाच झाला, त्यात ओवेच्किनने ३२ गोल केले आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकली. गंमत अशी की वर्षाखेरीच्या ऑल-स्टार मतदानात तो पहिल्या संघात उजवा विंगर म्हणून आणि दुसऱ्या संघात डावा विंगर म्हणून निवडला गेला. मतदारांपैकी कित्येकांनी जुनीच जागा धरली होती. तुमच्या गेममधल्या खेळाडूच्या नावापुढचं जागेचं अक्षरही असंच असतं: तो कुठून आला ते सांगतं, पण तुमच्या लाईनवर तो काय करील हे तुम्हालाच शोधावं लागतं.

सेंटर विंगवर चालतो याचा मला आवडणारा पुरावा म्हणजे २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधला कॅनडाचा संघ. जॉनथन टेव्सच्या एका बाजूला पॅट्रिक मार्लो आणि दुसऱ्या बाजूला जेफ कार्टर होता, दोघेही सेंटरवर भरपूर खेळलेले. सिडनी क्रॉस्बीच्या विंगवर पॅट्रिस बर्जरोनला खेळवलं, जो आपल्या क्लबकडून सेंटर खेळायचा आणि बचावात अव्वल मानला जायचा. या संघाने सहा सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले आणि सुवर्ण जिंकलं. सेंटर विंगवर आणल्याने प्रत्येक लाईनमध्ये खाली उतरून बचाव समजणारी दोन-दोन, तीन-तीन माणसं झाली. तुमच्यासाठी याचा साधा अर्थ असा की खेळाडू विकत घेताना आणि ड्राफ्टमध्ये (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडताना दोन सारख्या माणसांत शंका असेल, तर सेंटर घ्या. सात सेंटर झाले तरी काळजी नको, त्यातले तीन विंगवर सुखाने खेळतील. दहा विंगर झाले की मात्र तुमच्यासारखी अडचण होते.

दुसरी लाईन लावताना मी एक गोष्ट नेहमी पाळतो: शक्य तिथे एका लाईनमध्ये फेसऑफ घेऊ शकणारे दोघे ठेवतो. फेसऑफच्या वेळी नियमभंग झाला तर पंच सेंटरला बाजूला काढतात आणि बर्फावरच्या दुसऱ्या खेळाडूला ती जागा घ्यावी लागते. हा प्रकार आपल्या गोलाजवळच्या वर्तुळात झाला आणि दोन्ही विंगर फेसऑफला कच्चे असले, तर पक फुकट गेला म्हणायचा. त्यात एनएचएलच्या नियमांनी भर घातली आहे. २००५-०६ पासून आइसिंग करणाऱ्या, म्हणजे मध्यरेषेच्या अलीकडून पक थेट विरोधी गोलरेषेपलीकडे फेकणाऱ्या, संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे लाईन दमलेली, फेसऑफ आपल्याच गोलासमोर, आणि समोर ताजे खेळाडू. २०१५-१६ पासून मध्यबिंदू सोडून बाकी ठिकाणी बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूला स्टिक आधी टेकवावी लागते, त्याचाही थोडा फायदा हल्ला करणाऱ्याला होतो. गेममध्ये हे सगळे बारकावे किती खोल उतरलेत हे गेमगणिक बदलतं, पण फेसऑफचा गुण आणि पकचा ताबा यांचा संबंध मला प्रत्येक चांगल्या हॉकी मॅनेजरमध्ये दिसला आहे. तुमच्या दुसऱ्या लाईनचे आपल्या भागातले फेसऑफ किती टक्के जिंकले जातात ते उघडून बघा. चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर गोल कुठून येतात ते वेगळं शोधायला नको.

आता हाताचा प्रश्न. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही ‘डावखुरे बचावपटू’ असा शब्द वापरलात. डाव्या शॉटचा खेळाडू म्हणजे ज्याच्या स्टिकचं पातं शरीराच्या डाव्या बाजूला असतं तो. असे बरेच जण लिहिताना उजवा हात वापरतात, कारण स्टिकच्या वरच्या टोकाला बळकट हात ठेवण्याची सवय लागते. एनएचएलमध्ये साठ टक्क्यांहून जास्त खेळाडू डाव्या शॉटचे असतात. त्यामुळे उजव्या शॉटचा चांगला बचावपटू कायम दुर्मिळ आणि महाग, आणि बहुतेक गेमचा बाजारही हे चित्र जसंच्या तसं दाखवतो. तुमच्याकडे सहापैकी पाच डावे असणं हा काही दैवाचा कोप नाही. जो मॅनेजर मुद्दाम उजवे शोधत नाही त्याचा संघ असाच होतो.

विंगरच्या बाबतीत बाजू उलटी असली तरी फार बिघडत नाही, उलट कधी फायदा होतो. उजव्या शॉटचा विंगर डावीकडे खेळला की हल्ल्यात त्याची स्टिक बर्फाच्या मध्याकडे उघडी राहते, गोलाचा कोन मोठा मिळतो आणि आडवा पास आला की थांबवल्याशिवाय मारता येतो. तोटा आपल्या भागात होतो: बोर्डाला घासत येणारा पक त्याला बॅकहँडवर (पात्याच्या उलट्या बाजूने) घ्यावा लागतो. म्हणून ज्याचा शॉट उत्तम आहे त्याला उलट्या बाजूला ठेवा, आणि ज्याचं काम पक बाहेर काढणं, अडवणं, भिंतीशी झुंजणं आहे त्याला सरळ बाजूला. तिसऱ्या-चौथ्या लाईनवर मी उलटा विंगर सहसा ठेवत नाही.

बचावपटूंच्या बाबतीत मी यापेक्षा जास्त काटेकोर आहे. डाव्या शॉटचा माणूस उजवीकडे गेला की तीन अडचणी एकदम येतात. गोलामागून पक उचलून पहिला पास द्यायचा तर बोर्डाकडची बाजू बॅकहँडची होते. जोडीदाराने आडवा दिलेला पक घेताना शरीर वळवावं लागतं. आणि निळ्या रेषेवर बोर्डालगत निसटणारा पक अडवताना स्टिकचं पातं आतल्या बाजूला राहतं, त्यामुळे पक भागाबाहेर जातो. या प्रत्येक गोष्टीत अर्धा-अर्धा सेकंद जातो, आणि अंगावर धावून येणाऱ्या विरोधी खेळाडूला तेवढा पुरतो. मघाशी सांगितलेल्या त्याच कॅनडाच्या संघाने आठ बचावपटू निवडले तेव्हा चार डाव्या शॉटचे आणि चार उजव्या शॉटचे घेतले होते. ज्यांना जगातला कुठलाही कॅनेडियन बचावपटू मिळू शकत होता, त्यांनी हा समतोल हातचा जाऊ दिला नाही.

पण तुम्हाला आज पाचच डावे आहेत, तेव्हा दोघांना उजवीकडे खेळवणं भाग आहे. कोण ते दोघे हे निवडताना तुम्ही, तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, सर्वांत कच्च्या दोघांना उजवीकडे ढकललंत, म्हणजे चांगले आपापल्या बाजूला राहतील. मी उलट करीन. उलट्या बाजूला तोच टिकतो ज्याचं स्केटिंग चांगलं आहे, पास अचूक आहे आणि दबावाखाली डोकं शांत राहतं. ताकदवान, अंगावर जाणारा, गोलसमोर माणसं हलवणारा पण पायाने जड असा बचावपटू उलट्या बाजूला पार कोलमडतो. तुमच्या पाच डाव्यांत जो दुसऱ्या क्रमांकाचा पास देणारा आहे त्याला उजवीकडे न्या आणि पहिल्या जोडीत ठेवा. एकमेव उजव्या शॉटचा जो आहे तो दुसऱ्या जोडीत. तिसऱ्या जोडीला मिनिटं कमी द्या, आणि फेसऑफ आपल्या भागात असेल तेव्हा शक्यतो बाहेर ठेवा. गेममध्ये अशी सोय नसेल तर निदान तिसऱ्या जोडीचा बर्फावरचा वेळ कमी करा.

प्रशिक्षणाबद्दल. जागा बदलता येतात, यात शंका नाही. ब्रेंट बर्न्सला मिनेसोटाने २००३ मध्ये उजवा विंगर म्हणून ड्राफ्ट केलं होतं. तो बचावपटू झाला, मग सॅन होजेमध्ये २०१३-१४ चा हंगाम पुन्हा फॉरवर्ड म्हणून खेळला, परत बचावात आला आणि २०१७ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला. त्याच्याही आधी रेड केली होता: १९५४ मध्ये पहिलीवहिली नॉरिस जिंकणारा बचावपटू, १९६० मध्ये टोरंटोला गेल्यावर सेंटर झाला आणि डेट्रॉइटकडून चार आणि टोरंटोकडून चार स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला. सर्गेई फेडोरोव्हला तर स्कॉटी बोमन यांनी नव्वदच्या दशकात सेंटरवरून उचलून काही काळ बचावात खेळवलं होतं. या तिघांत समान काय ते बघा. तिघेही उत्तम स्केटिंग करणारे आणि खेळ वाचणारे होते. शॉट कुणाचा किती जोरात, याचा इथे फारसा संबंध नाही.

म्हणून जागा बदलण्यासाठी खेळाडू निवडताना मी आधी स्केटिंग, अंदाज बांधण्याची क्षमता, जागा धरण्याची समज आणि निर्णय हे गुण बघतो. ‘ईस्टसाइड हॉकी मॅनेजर’मध्ये गुण १ ते २० अशा मापात असतात आणि जागेची सवयही त्याच मापात मोजलेली असते. तिथे माझा अलिखित नियम असा आहे की वरच्या चारांपैकी तीन गुण १३ च्या पुढे नसतील तर त्या खेळाडूच्या जागेला हात लावायचा नाही. ‘फ्रँचायझी हॉकी मॅनेजर’सारख्या गेममध्ये जागेच्या जोडीला भूमिकाही नेमता येते. तिथे जागा बदलण्याआधी नुसती भूमिका बदलून बघावी. पुष्कळदा खेळाडू बरोबर जागी असतो, त्याला काम चुकीचं दिलेलं असतं.

वय महत्त्वाचं आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा एका हंगामात नवी जागा बऱ्यापैकी शिकतो. अठ्ठाविशीच्या पुढचा खेळाडू सेंटरवरून विंगवर सरकेल, पण विंगवरून सेंटरवर किंवा फॉरवर्डवरून बचावात न्यायचा असेल तर वेळ वाया जाईल. सुरुवात नेहमी हंगाम संपल्यावर करावी, हंगामपूर्व सामन्यांत त्याला नव्या जागेवर भरपूर खेळवावं, आणि मग शक्य असेल तर दुय्यम संघात पाठवावं, जिथे हरलो तरी काही बिघडत नाही. मुख्य संघात आणायचं तर तिसऱ्या लाईनवर आणि दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं देऊन. मी एका वीस वर्षांच्या डाव्या विंगरला असंच बचावपटू केलं होतं. पहिले चार महिने मुख्य संघात त्याला एकदाही आणलं नाही, रोज फक्त त्याच्या दुय्यम संघातल्या बर्फावरच्या वेळेकडे बघायचो, वीस मिनिटांच्या खाली गेला की तिथल्या प्रशिक्षकाच्या रांगेत हात घालायचो. सवयीचा आकडा ९ वरून १४ वर यायला सव्वा वर्ष लागलं. मग मात्र तो सात हंगाम माझ्या पहिल्या जोडीत खेळला. या कामात धीर धरता येत नसेल तर ते सुरूच करू नये. अर्धवट सोडलेला खेळाडू दोन्ही जागांवर अर्धाच राहतो, आणि प्रशिक्षणाचे ते महिने त्याच्या बाकीच्या गुणांतून वजा झालेले असतात.

पॉवर प्लेचा, म्हणजे पेनल्टीमुळे समोरच्या संघाचा एक खेळाडू बाहेर असतानाचा, विचार मात्र पूर्ण वेगळा करा. तिथे जागेची अक्षरं विसरून जा. आज सर्रास चार फॉरवर्ड आणि एक बचावपटू अशी रचना असते: एक मागे निळ्या रेषेवर, तिघे मधल्या आडव्या रांगेत, एक गोलसमोर. त्या आडव्या रांगेत उजवीकडे डाव्या शॉटचा आणि डावीकडे उजव्या शॉटचा ठेवा, म्हणजे दोघांनाही आडवा पास थेट मारता येईल. ओवेच्किन वर्षानुवर्षं डाव्या वर्तुळातून गोल करतो तो उजव्या शॉटचा असल्यामुळेच. तुमचा तो विंगर, ज्याला मी सेंटरवरून काढायला सांगितलं, त्याला गोलसमोर किंवा मधल्या जागी उभं करा. त्याचे गुण इथे पूर्ण वसूल होतील, कारण बचावाची जबाबदारी त्याच्या अंगावर नसते. एक आठवण ठेवा: एनएचएलच्या नियमांत पेनल्टी लागल्यावर पहिला फेसऑफ दोषी संघाच्या भागात होतो. तो जिंकायला पाचांत एक खरा सेंटर हवाच, नाहीतर दोन मिनिटांतली वीस-पंचवीस सेकंद पक परत आणण्यात जातात. पेनल्टीमुळे आपला खेळाडू कमी असताना बचाव करतानाही तेच, फक्त तिथे दोन्ही फॉरवर्ड फेसऑफ घेणारे असावेत, शक्यतो एक डाव्या आणि एक उजव्या शॉटचा.

गोलरक्षकाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. त्याची जागा बदलत नाही. लागोपाठच्या दोन रात्री सामने असतील तर दुसरा गोलरक्षक खेळवा, बस.

हा एक भाग मात्र मन लावून वाचा, कारण यावर कुणी फारसं बोलत नाही. जागांचं व्यवस्थापन खरं कसाला लागतं ते दुखापत झाल्यावर. मी हंगाम सुरू होण्याआधी कागद घेऊन एक प्रयोग करतो. प्रत्येक नावावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: हा उद्या सहा आठवडे बाहेर गेला, तर किती जणांची जागा हलेल? उत्तर ‘एक’ असेल तर संघ ठीक आहे, बाकावरचा माणूस आत येतो आणि बाकीचे जिथल्या तिथे राहतात. उत्तर ‘तीन’ असेल तर तिथे भोक आहे. तुमच्या संघात पहिला सेंटर पडला की दुसरा वर येतो, तिसरा दुसऱ्यावर, विंगर मधे, आणि त्या विंगरच्या जागी उजवा विंगर डावीकडे. एका माणसाच्या दुखापतीने चार लाईनींतली सवय मोडते, आणि लाईनमधली एकमेकांची ओळख गेम वेगळी मोजत असेल तर तीही शून्यावर येते. एनएचएलसारख्या लीगमध्ये सामन्याला वीस जण सज्ज होतात: अठरा खेळाडू आणि दोन गोलरक्षक. नेहमीच्या यादीत तेवीस बसतात. म्हणजे बाहेर ठेवायला तीन नावं मिळतात. ती तीन नावं एकूण गुणांवर निवडू नका. एक सेंटर जो विंगवरही चालतो, एक बचावपटू जो दोन्ही बाजूंना चालतो, आणि एक भिंतीशी झुंजणारा विंगर. हे तिघे मिळून वीसपैकी जवळपास प्रत्येक जागेला एका हालचालीत पर्याय देतात. गुणांनी ते संघात शेवटचे असतील, त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

याच संदर्भात गेममधल्या आपोआप लाईन लावणाऱ्या बटणाकडे लक्ष ठेवा. दुखापत झाली की सहायक प्रशिक्षक मोकळी जागा स्वतः भरतो, आणि तो बहुतेक वेळा एकूण गुण बघून भरतो. तुम्ही आज काढलेला विंगर पुढच्या महिन्यात तुमच्या नकळत पुन्हा सेंटरवर बसलेला दिसेल. प्रत्येक सामन्याआधी चारही सेंटर आणि सहाही बचावपटू एकदा नजरेखालून घाला, अर्धं मिनिट लागतं.

तर तुमचा क्रम असा राहू द्या. आज विंगर परत डावीकडे, आणि त्याच्या शेजारी तुमच्या तीन सेंटरपैकी फेसऑफला सर्वांत चांगला जो आहे तो. आठवडाभरात एक अनुभवी सेंटर, त्यासाठी दहापैकी दोन विंगर द्यावे लागले तरी द्या, तुमच्याकडे ते तसेही बाकावर बसून आहेत. बचावात उजवीकडचा माणूस वर सांगितल्याप्रमाणे बदला, आणि उजव्या शॉटच्या बचावपटूचा शोध हंगाम संपल्यावर ड्राफ्टच्या आधी सुरू करा, मधे जास्त किंमत देऊ नका. दहा सामने काहीही न हलवता खेळा. मग तीन आकडे बघा: दुसऱ्या लाईनचे आपल्या भागातले फेसऑफ, ती लाईन बर्फावर असताना खाल्लेले गोल, आणि उजव्या बाजूच्या बचावपटूंनी गमावलेले पक. ते इथे लिहा, सोबत त्या पाच डाव्या बचावपटूंचे स्केटिंग आणि पासचे गुणही द्या. त्यांच्यात एखादा विशीच्या आतला असेल तर त्याचं प्रशिक्षण कसं आखायचं ते तेव्हा नीट सांगतो.